बघण्याची भावकी

सर, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी भांडले. तुमच्याच दारात, बुद्धमूर्तीशेजारी ठेवलेल्या तुमच्या फोटोसमोर, पांढऱ्या कपड्यांतल्या शंभरेक माणसांदेखत. माफी मागायला हे लिहीत नाहीये. काय झालं ते तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून लिहितेय. आणि लिहूनच सांगावं लागणार, कारण तोंडी सांगितलेलं तुम्ही हयातीतसुद्धा कधी पुरतं ऐकून घेतलं नाही. मधेच माझ्या बोलण्यातला एखादा शब्द धरायचात आणि त्याच्या आज्यापणज्याची चौकशी सुरू.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी खरं बोलणार आहे. तुम्ही हट्टी होता. चहात साखर नको म्हणायचात आणि बिस्किटं चार खायचात. माझ्या औरंगपुऱ्यातल्या एवढ्याशा डीटीपीच्या दुकानातली एकुलती एक बरी खुर्ची नऊ वर्षं तुम्ही अडवून ठेवली, आणि आता ती मोकळी आहे तर मला तिच्यावर बसवत नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही आलात ते कापडी पिशवी भरून लग्नपत्रिका घेऊन. मला वाटलं, नमुने आणलेत. मी म्हटलं, "काका, मुलाचं का मुलीचं? किती प्रती?"

"लग्न नाय. पुस्तक आहे," तुम्ही म्हणालात आणि पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली.

तीस वर्षांच्या पत्रिका होत्या. सोयगाव तालुक्यातल्या, सिल्लोडच्या, कन्नडच्या, इथल्या शहरातल्या. समोर कुणाचा तरी मंगल परिणय, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तुमच्या बारीक अक्षरात एकेक शब्द. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर, त्यामुळं गावातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका तुमच्याकडं यायचीच. चांगला जाड कागद फेकवत नाही, म्हणून त्यावर लिहायला लागलात. सगळ्या पत्रिकांवर मिळून विषय एकच होता. लॅटिनमधलं एक क्रियापद, व्हिडेरे. म्हणजे बघणं.

मी मनात म्हटलं, झालं. आता हे रिटायर झालेले गृहस्थ रोज येणार. आणि तुम्ही रोज आलातच.

तुम्ही मला समजावलं होतं ते अजून तसंच कानात आहे. मोबाइलवर पोरं दिवसभर जो व्हिडिओ व्हिडिओ करतात, ते रोमच्या माणसाचं अख्खं वाक्य आहे. व्हिडिओ, म्हणजे 'मी बघतो'. व्हिसा म्हणजे 'बघितलेला' कागद. परीक्षेआधीचं रिव्हिजन म्हणजे पुन्हा बघणं. तिकडं ग्रीसमध्ये याच घराण्यातला शब्द होता, त्याचा मूळ अर्थ 'मी पाहिलंय' आणि वापर मात्र 'मला माहीत आहे' असा. जे डोळ्यांनी पाहिलं तेच माहीत. जर्मन माणूस 'माहीत असणं' याच घरातून घेतो, रशियन माणूस 'बघणं' घेतो. आणि आपल्याकडं विद्या, विद्वान, निवेदन. वेदनासुद्धा.

"वेदना कशी काय?" मी विचारलं होतं.

"पालीत वेदना म्हणजे जे जे जाणवतं ते," तुम्ही म्हणालात. "सुखाचीबी वेदना असती, दुःखाचीबी. मराठीनं त्यातलं सुख काढून टाकलं, ताई, आन् दुःख ठेवलं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमचं पान टाइप करताना थांबले होते. तोवर मी अक्षरं बडवत होते. माझा नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. पण तुम्ही त्या दिवशी जाताना दुसऱ्या दिवशीची दोन पानं जास्त ठेवून गेलात. हाताला काम राहिलं पाहिजे, एवढंच म्हणालात.

शेजारच्या झेरॉक्स आणि बाइंडिंगवाल्या नवीदभाईंनी एकदा गमतीनं विचारलं, "सर, हमारा नाम बी डालो ना किताब में." तुम्ही चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "तुमचं नाव आधीच घातलंय, पान एकसष्ट. नवीद म्हणजे खुशखबर, फारसीतून आलेला. आमचं 'निवेदन' आणि तुमचा 'नवीद' एकाच घरातून निघाले. एक या वाटेनं आला, एक त्या वाटेनं." नवीदभाईंनी ते पान झेरॉक्स करून काचेला आतून चिकटवलं. गिऱ्हाइकांना दाखवतात अजून. "देखो, रिश्तेदारी कहाँ तक है."

त्याच पानावर 'निवद' होता. देवापुढं ठेवतात तो. मी म्हटलं, सर, तुम्ही तर निवद ठेवत नाही, मग हा कशाला? तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "आमच्या आज्यानं निवद सोडला. शब्द कशाला सोडू? शब्द कुणाच्या बापाचा नाय."

लॅटिन कसं शिकलात तेही तुम्ही एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला छावणीतल्या एका म्हाताऱ्या फादरनं त्याचं फाटकं व्याकरण तुम्हाला दिलं. रविवारी सोयगावहून एसटीनं येऊन तुम्ही त्याच्याकडं बसायचात. लोक म्हणायचे, मास्तर, शिकायचंच आहे तर संस्कृत शिका, काहीतरी उपयोग. मीही तेच विचारलं. तुम्ही म्हणालात, "संस्कृतबी शिकलो की. नंतर शिकलो. आधी लॅटिन शिकलो, कारण त्या दारात कुणी उभं नव्हतं."

असं काही बोलून तुम्ही लगेच बिस्किटाकडं हात न्यायचात. मला मात्र त्यानंतर कामात लक्ष लागायचं नाही.

आता त्या पानाकडं येते. बारावं पान, वंशावळीचं.

बाकी सगळ्या पानांवर शब्द होते, या एकाच पानावर चित्र. खाली आपल्या आजच्या भाषा, त्यांच्या वर जुन्या. लॅटिन, ग्रीक, संस्कृत, जुनी फारसी, सगळ्या एका ओळीत, एका उंचीवर. आणि त्यांच्याही वर, जिथून रेघा निघतात तिथं, नुसती एक चांदणी. मी तुम्हाला विचारलं होतं की इथं नाव लिहायचं राहिलं का. तुम्ही म्हणालात, चांदणी म्हणजे हे कुणी ऐकलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही, लेकरांच्या तोंडवळ्यावरून आईचा नुसता अंदाज.

एका संस्थेचे अध्यक्ष, तुमचेच जुने विद्यार्थी, पुस्तक काढायला तयार झाले. चांगला माणूस आहे, मी नावं ठेवणार नाही. पण त्यांची एक अट होती. चांदणीच्या जागी संस्कृत लिहा. सगळ्या भाषांची आई म्हणून. लोकांना असंच माहीत आहे, उगाच वाद कशाला, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही माझ्या दुकानात, माझ्यासमोर त्यांना म्हणालात, "बहिणी आहेत त्या. आई गेली, तिचा फोटोबी कुणाकडं नाय. म्हणून काय थोरलीला आई म्हणून बसवायचं?"

ते हसले. विचार करा म्हणाले. तुम्ही विचार केलाच नाही. आणि इथं मी घोळ घातला.

सर, मी बावीस वर्षं लग्नपत्रिका जुळवते. पत्रिकेत काय असतं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही फक्त मागची बाजू वापरलीत, मी पुढची लिहिलीय. वर कुणाचं नाव, खाली कुणाचं, चुलत्याचं आधी का मामाचं, यावरून माझ्या दुकानात माणसं एकमेकांच्या अंगावर गेलीत. भावकीतल्या एकाचं नाव एका ओळीनं खाली गेलं म्हणून हळदीला न आलेली घरं मला ठाऊक आहेत. त्यातून मी एक शहाणपण शिकले होते. जो जास्त रुसेल त्याला वर टाका. वरच्या नावानं कुणाचं काही बिघडत नाही, लग्न लागतं, पंगती उठतात, पत्रिका रद्दीत जाते.

तेच शहाणपण मी तुमच्या बाराव्या पानाला लावलं. तुम्हाला न विचारता चांदणी काढली, संस्कृत उचलून वर नेली, खाली रेघा जोडल्या आणि छान प्रूफ काढून तुमच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "सर, एक रेघ तर आहे. पुस्तक तर निघेल. तुमचं वय काय आता? डोळ्यांनी बघाल तरी."

तुम्ही ते पान बराच वेळ बघितलंत. घडी घातली, पिशवीत टाकलं. चहा अर्धा ठेवून उठलात. आणि मग तीन आठवडे आला नाहीत.

मीही फोन केला नाही. मला राग आला होता. नऊ वर्षं मी तुमची उलटीसुलटी अक्षरं जुळवते, तुमच्या ग्रीक शब्दांसाठी फॉन्ट शोधत फिरते, आणि एका रेघेवरून तुम्ही माझ्या दुकानाची पायरी सोडता? बसा म्हटलं घरी. मग तुमच्या घरून काकूंचा फोन आला, की सरांना दवाखान्यात ठेवलंय, या. मी आले तेव्हा तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तुम्ही हात हलवला. काय म्हणत होता ते मला कळलं नाही. मी आपली मोसंब्यांबद्दल बोलत बसले. मोसंबी चांगली आलीत या वर्षी, म्हटलं. तुम्ही शेवटचं ऐकलंत ते हे. याची मला चीड आहे, सर, अजून आहे, आणि ती कुणावर काढावी ते कळत नाही.

आता कार्यक्रमाचं. भन्तेजींचं झालं, त्रिशरण-पंचशील झालं, दोघंतिघं बोलले. मग अध्यक्ष उठले. गळा भरून आला होता त्यांचा, खोटा नव्हता. म्हणाले, सरांचं पुस्तक आमची संस्था काढणार. टाळ्या नाहीत, पण सगळ्यांनी माना हलवल्या. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग ते म्हणाले, "एका मुद्द्यावर आमचा मतभेद होता. पण शेवटी सरांनी मन मोठं केलं. त्यांच्या पिशवीत मला हे सापडलं." आणि त्यांनी घडी उघडून कागद वर धरला.

माझं प्रूफ होतं ते. माझ्या प्रिंटरचा डाव्या कडेला पडणारा काळा पट्टासुद्धा दिसत होता.

काकूंनी बिचाऱ्यांनी तुमची पिशवीच्या पिशवी त्यांना दिली होती. त्यांनी पान पाहिलं, संस्कृत वर पाहिली आणि सरांनी मानलं असं धरलं. दुसरं कुणीही तेच धरलं असतं. मी गप्प बसले असते तर पुस्तक निघालं असतं, काकूंचं समाधान झालं असतं, आणि तुम्ही तीस वर्षं ज्याला नाही म्हणालात त्याला मेल्यावर हो म्हणालात असं कायमचं छापून आलं असतं. माझ्या रेघेच्या जोरावर. मी उठले.

"ते सरांचं नाय," मी म्हटलं. "ते मी केलंय."

अध्यक्षांना वाटलं, मी टाइप केलंय एवढंच म्हणतेय. "हो हो, मंदाताईंनीच सगळं टाइप केलं," ते म्हणाले, "त्यांचेही आभार."

"आभार राहू द्या. ती रेघ माझी आहे. सरांना न विचारता ओढली. सरांनी ती मानली नाय."

मग जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं बाई बसा, ही वेळ आहे का. कुणी म्हणालं बोलू द्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला, पण ते शांतपणे म्हणाले, "ताई, मान्य नसतं तर सरांनी कागद फाडला असता. जपून कशाला ठेवला?"

"माझ्या दुकानात सही केल्याशिवाय एक पान पुढं जात नाय," मी म्हटलं. "दोनशे चौदा पानांवर सरांच्या सह्या आहेत, माझ्याकडं फाइल आहे. यावर दाखवा सही."

सही नव्हतीच. मी पुढं जाऊन कागद त्यांच्या हातातून घेतला. हिसकावलाच म्हणा. आणि सर, तुम्ही कोरी बाजू कधी वाया घालवत नाही हे मला आधीच आठवायला पाहिजे होतं. मी तो उलटा केला.

मागं तुमचं अक्षर होतं. वर 'सुपरवायझर' लिहिलं होतं. वरून बघणारा, याच व्हिडेरेपासून, वाळूजच्या कंपन्यांत रोजच्या बोलण्यात, असं दोन ओळींत. आणि त्याच्या खाली एक ओळ: 'मंदाताईंना विचारणे, हा शब्द घालायचा राहिला का. सोमवारी जाणे.'

तुम्ही रुसला नव्हता. तुम्हाला बरं नव्हतं, एवढंच होतं. माझ्या त्या शहाण्या प्रुफाची तुम्ही चिठ्ठी केली आणि कामाला लागलात. सोमवारी येणार होता. मी मात्र तीन आठवडे तुमच्यावर राग धरून बसले होते, आणि दवाखान्यात मोसंब्यांच्या गोष्टी करत होते.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचताना आवाज फाटला. फाटू दे.

अध्यक्ष खाली बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "असं असेल तर संस्थेला मात्र अवघड आहे." मी म्हटलं, असू दे अवघड. तुमच्या धाकट्या भावानं मला डोळ्यांनी दटावलं. बाई माणूस, त्यात परक्या घरची, कार्यक्रमाचा विचका केला, असं दोघीतिघी कुजबुजल्याही. तेव्हा काकू उठल्या. माझ्या हातातला कागद त्यांनी घेतला, सुलटा केला, वरच्या जागेवर बोट ठेवलं.

"ह्यांनी इथं काय लिवलं होतं?"

"काही नाय काकू. मोकळी जागा. नुसती चांदणी."

"का बरं?"

"तिथं कोण होतं ते कुणालाच माहीत नाय म्हणून."

"मंग माहीत नाय तर नाय म्हनायचं," त्या म्हणाल्या. "त्यात लाज कसली? ह्यांनी जल्मभर पोरांला तेच शिकिवलं. येत नसंल तर येत नाय म्हना, पन खोटं लिवू नका." आणि अध्यक्षांकडं वळून म्हणाल्या, "तुमालाबी शिकिवलं असंल, भाऊ. जेवून जा."

ते जेवून गेले. माझ्याशी बोलले नाहीत.

वर कुणीतरी पाहिजेच, ही सवय फार वाईट आहे, सर. ती मलाही होती. बावीस वर्षं मी ती पत्रिकेगणिक जोपासली. जागा मोकळी दिसली की हात शिवशिवतात, कुणाला तरी बसवून टाकावं वाटतं. तुम्हाला बसवायला कुणी सापडलं नसतं असं नाही. तुम्ही बसवलं नाही. हे मला तेव्हा हट्ट वाटलं होतं.

पण तुमचं सगळं पटलं असं समजू नका. पुस्तक तुमच्या हातात पडायला पाहिजे होतं, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. त्या संस्थेचा नाद सोडून दुसरीकडं जाता आलं असतं, आपण दोघांनी मिळून काढता आलं असतं, आणि हे तुम्हाला सुचलं नाही तसं मलाही सुचलं नाही. बघण्यावर तीस वर्षं घातलेल्या माणसानं स्वतःचं पुस्तक बघितलं नाही. याचं तुम्ही काय उत्तर देणार होता ते मला ऐकायचं होतं. काहीतरी तिरकं उत्तर असतंच तुमच्याकडं.

गेल्या आठवड्यात आम्ही ते काढलं. मी आणि नवीदभाईंनी, आमच्याच दोन दुकानांत. 'सुपरवायझर' राहिलाच होता, तो घातला. बाराव्या पानावर वर चांदणी आहे. बाइंडिंगची शेवटची प्रत शिवून झाल्यावर नवीदभाई म्हणाले, "सर होते तो एक गलती जरूर निकालते." पहिली प्रत काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही, मांडीवर ठेवून बराच वेळ नुसता हात फिरवला.

प्रत्येक प्रतीत मी एक चिठ्ठी घातलीय. पुस्तकात चूक राहिली की आम्ही शुद्धिपत्र जोडतो. या पुस्तकात ती चूक नाही, तरी जोडलंय, कारण ती चूक त्या दिवशी शंभर माणसांनी पाहिलीय आणि ती तुमची म्हणून पाहिलीय. त्यात असं लिहिलंय:

'शुद्धिपत्र. या पुस्तकातील वंशावळीचे एक प्रूफ काही मंडळींच्या पाहण्यात आले आहे. त्यात सर्व भाषांच्या वर संस्कृत दाखवली आहे. ती रेघ लेखकाने ओढलेली नाही. अक्षरजुळणी करणारीने लेखकाला न विचारता ओढली. वरची जागा मोकळी आहे, ती मोकळीच वाचावी. चूक माझी. मंदा, अक्षरजुळणी, औरंगपुरा.'

पुस्तकाच्या प्रती शंभर निघाल्या. शुद्धिपत्रं मी दोनशे छापली. उरलेली शंभर काल पोस्टानं अध्यक्षांच्या संस्थेला पाठवली.